चंद्रीचे झरोके

कोंबड्या आपलं खुराडं आपणच बांधायच्या, त्या काळची ही गोष्ट. थंडी तोंडावर आली, तशी तांबूशेठ कोंबड्यानं आज्ञा सोडली, "वारा म्हणजे शत्रू! एकही भोक उघडं राहता कामा नये." सगळ्यांनी चिखलानं फटी लिंपल्या. मुंगीलाही आत शिरायला वाट उरली नाही.

थोड्याच दिवसांत आत विष्ठेचा उग्र वास कोंडला. डोळे चुरचुरू लागले, भिंतींना पाणी सुटलं. चंद्री कोंबडीची पिल्लं शिंकून शिंकून कोलांट्या खाऊ लागली. सगळ्यांत धाकटं तर मान टाकून बसलं. चंद्रीच्या काळजाचं पाणी पाणी झालं.

"तांबूशेठ, वर झरोके पाडू या," ती म्हणाली.

"गारठून मरायचंय का गं?"

"झरोके छपराशी, आपण खाली. वारा डोक्यावरून जाईल आणि कोंडलेली वाफ घेऊन जाईल."

तांबूशेठ उत्तर द्यायला गेला आणि एवढ्या जोरात शिंकला, की दांडीवरून थेट पाण्याच्या घमेल्यात पडला! हसू दाबत चंद्री छपराशी उडाली आणि चोचीनं लिंपण फोडू लागली. मग सगळ्याच उडाल्या. पिसं, माती, नुसता कलकलाट! समोरासमोर दोन झरोके पडले आणि ताजी हवा आत आली. धाकट्यानं मान उचलली, पंख झटकले आणि आईच्या पाठीवर उडी मारली.

सकाळी चंद्री उठली, तर तांबूशेठ झरोक्यातून मान बाहेर काढून शेजारच्या खुराड्याला ओरडून सांगत होता, "अहो, झरोके पाडा! वारा डोक्यावरून गेला पाहिजे. माझं ऐका, मला अनुभव आहे!"