वैद्याच्या मुलीवर राज्य नाही
फार पूर्वी डोंगराखालच्या एका गावात एक वैद्य राहत असे. त्याची एकुलती एक मुलगी आईविना वाढत होती. गावातली पोरं शिव्या देतात, नाक बाहीला पुसतात, म्हणून त्याने तिला शाळेत घातलंच नाही. सगळं घरीच शिकवलं. दहाव्या वर्षी ती नाडी पाहायची, पाढे धडाधड म्हणायची. वैद्य येईल त्या रोग्याला ते ऐकवायचा आणि रोगी बिचारा पोट धरून ऐकायचा.

पोरगी मात्र खिडकीतून बाहेरचा लपंडाव बघत बसायची. एकदा हट्ट करून ती खेळायला गेली. नवखी म्हणून पोरांनी तिला कच्चं लिंबू ठेवलं, म्हणजे सापडली तरी तिच्यावर राज्य नाही. ती म्हणाली, मला खरं खेळायचंय. मग काय, राज्य आलं. धप्प्यावर धप्पे बसले, दिवेलागण झाली तरी उतरेना. ती रडत होती, पण डाव सोडत नव्हती.

ते पाहून वैद्याचं पित्त खवळलं. तो तिचा हात धरून पोरांवर ओरडला, “पुन्हा माझ्या मुलीवर राज्य आणलंत तर याद राखा.”

“बाबा, थांबा ना. उतरेल माझं राज्य.”

त्याने ऐकलं नाही. पोरांनी मात्र त्याचं ऐकलं. त्यानंतर ती आली की तिला मानाने डावात घेत, पण शोधायला कुणी जात नसे. बराच वेळ लपून ती आपणच बाहेर यायची. पुढे यायचीच थांबली.

वर्षं लोटली. ती गावची वैद्य झाली. एका उन्हाळ्यात हगवणीची साथ आली. दोष विहिरीच्या पाण्याचा आहे हे तिने अचूक ओळखलं, चावडीवर जाऊन सांगितलं. कुणी शंका काढली नाही की वाद घातला नाही. “व्हय ताई, तुमचं खरं हाय,” म्हणत सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या सकाळी म्हाताऱ्या वैद्याने दारातून पाहिलं, तर विहिरीवर घागरींची तशीच रांग होती. त्या साथीत गावची लेकरं गेली.

“अडाणी मेले,” तो चिडून म्हणाला. “तुझं ज्ञान त्यांना काय कळणार?”

“ते माझ्याशी भांडले असते तर पटवलं असतं मी, बाबा. पण कच्च्या लिंबाशी कोण भांडतं?”



तात्पर्य: विद्या मुलांना घरी देता येते, पण चारचौघांतली जागा त्यांची त्यांनाच रडून-भांडून मिळवू द्यावी.