समुद्रकाठची दुपार

एकदा एक शिष्य आपल्या वृद्ध आचार्यांना डोंगरावरून समुद्रकाठच्या नगरात घेऊन आला.

शिष्याचे नाव सोमदत्त. लहानपणी तो आचार्यांच्या घरी राहून व्याकरण आणि गणित शिकला होता. त्यांच्याच पंगतीला जेवला होता आणि तापाने फणफणला तेव्हा त्यांच्याच मांडीवर डोके ठेवून पडला होता. पुढे तो घाट उतरून या नगरात आला, व्यापाऱ्यांच्या मुलांना शिकवू लागला. इथल्याच आवडी नावाच्या मुलीशी त्याचे लग्न झाले आणि तो इथलाच झाला.

आचार्य वर डोंगरातच राहिले. मूलबाळ नव्हते, पत्नी वारली होती. गेल्या हिवाळ्यात ओढ्यावर त्यांचा पाय घसरला आणि थंडी सरेपर्यंत ते अंथरुणाला खिळून राहिले. मीठ पोचवून घाट उतरणाऱ्या बैलांच्या तांड्याबरोबर ही बातमी खाली आली, तसा सोमदत्त तडक निघाला.

"गुरुजी, माझ्याकडे चला," तो हात जोडून म्हणाला. "तिथे बारमाही ऊब आहे. गुडघे मोकळे होतील तुमचे. आणखी एक हिवाळा इथे एकट्याने काढायचा नाही."

 आचार्य म्हणाले, "येतो. राहायचे की नाही ते तिथे ठरवीन. वैशाख सरताना तांडा पुन्हा वर यायला निघेल. तोवर तुझे गाव पाहू दे."

आणि ते गाव तरी कसे होते! सकाळी ऊन माडांच्या झावळ्यांतून गाळल्यासारखे वाळूवर उतरे. समुद्र पारव्याच्या मानेसारखा हळूहळू रंग बदलत राही. आचार्य वाळूत पाय पसरून बसत, आणि वर्षानुवर्षे आखडलेल्या त्यांच्या गुडघ्यांत ऊब कशी झिरपत जाते ते मिटल्या डोळ्यांनी अनुभवत राहत. संध्याकाळी समुद्रावरून वारा सुटे. बायका सुरंगीचे गजरे माळून ओसरीवर येत, परगावची गलबते शिडे उतरवत, त्यांवरचे खलाशी अनोळखी भाषांत हाका मारत. त्या वेळी सगळे नगर जमिनीवरून किंचित उचलले गेल्यासारखे, स्वप्नात तरंगत असल्यासारखे वाटे. थोड्याच दिवसांत आचार्यांची काठी कोपऱ्यात उभी राहिली. ते तिच्यावाचून चालू लागले.

सोमदत्ताला धन्य वाटे. पण या धन्यतेसाठी तो काय काय करत होता, ते आवडीलाच ठाऊक होते.

त्यांच्या विहिरीचे पाणी मचूळ होते. म्हणून तो पहाटे उठून टेकडीच्या पायथ्याच्या झऱ्यावर जाई आणि गोड पाण्याची घागर खांद्यावरून आणी. खाऱ्या दमट हवेने आचार्यांच्या पोथ्यांवर बुरशी धरू लागली होती. आचार्य वाळूवर गेले की तो एकेक पान फडक्याने हलकेच पुसून जसेच्या तसे बांधून ठेवी. दाराच्या कड्या गंजून करकरत, त्यांना तेल घाली. आणि दुपार झाली, की आचार्यांना आतल्या खोलीत निजवून दाराखिडक्यांना वाळ्याचे पडदे सोडी, त्यांवर पाणी शिंपडत राही, उशाशी बसून पंख्याने वारा घाली. आचार्यांचा डोळा लागेपर्यंत त्याच्या स्वतःच्या अंगावरचे उपरणे पिळून काढण्याइतके भिजलेले असे. दुपारी तो त्यांना उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नसे.

"अहो, सांगून का टाकत नाही त्यांना?" आवडी एकदा म्हणाली. "पाणी मचूळ आहे, दुपार भाजून काढते. आम्ही जन्मापासून राहतोच आहोत की."

"तू इथली आहेस. ते नाहीत. एकदा का त्यांचे मन उडाले, की तांड्याबरोबर परत जातील. आणि पुढच्या थंडीत ओढ्यावर पडले तर उचलायला कोण आहे?"

 आवडीला त्याची तळमळ कळत होती. पण तो दिवसेंदिवस वाळत चालला होता, तेही तिला दिसत होते.

एका संध्याकाळी आचार्य अंगणात बसले असताना कोळीवाड्याच्या बाजूने वाऱ्यावर एक आवाज आला. लांबट, चढता, मध्येच तुटणारा. एक होडी गेलेली होती, ती परत आली नव्हती. सोमदत्ताला ते सकाळीच समजले होते.

"कसला रे आवाज?" आचार्यांनी विचारले.

"काही नाही, गुरुजी. तिकडे गाणे चालले आहे."

आचार्यांनी मान हलवली. आवाज थांबेपर्यंत ते त्या दिशेला तोंड करून बसून राहिले.

तांडा निघायला दोनच दिवस उरले होते. दुपारी नेहमीप्रमाणे आचार्य निजले आणि सोमदत्ताचाही तिथेच भिंतीला टेकून डोळा लागला. जाग आली तेव्हा अंथरूण रिकामे होते. दार सताड उघडे होते, आणि त्यातून पांढरेशुभ्र ऊन थेट खोलीच्या मध्यापर्यंत आले होते.

तो अनवाणीच बाहेर धावला.

या नगरात तो इतकी वर्षे राहत होता, पण वैशाखातल्या भर दुपारी त्याने ते कधी पाहिले नव्हते. दुपारी तो पाठशाळेत तरी असे, नाहीतर पडद्याआड. आता उजेड इतका होता, की घरांच्या भिंती विरघळल्यासारख्या वाटत होत्या. रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. समुद्राचा आवाजही झोपेत कुशीवर वळणाऱ्या माणसाच्या श्वासासारखा मंद झाला होता. त्याचे पाय पोळत होते. जीव घाबरा झाला होता. हे म्हातारे शरीर या उन्हात किती वेळ तग धरील?

"अरे, कुठं धावतोस? ये, वर ये आधी!"

ओसरीवर काथ्या वळत बसलेल्या एका बाईने त्याला हाक मारली होती. तो थांबेना, तेव्हा तिने उठून त्याचा हातच धरला आणि सावलीत ओढले.

"म्हातारे गृहस्थ दिसले का? गोरेसे, पांढऱ्या दाढीचे?"

"दिसले म्हणजे? इथंच बसले होते. पन्हं प्याले. मी म्हटलं, ऊन उतरू द्या. तर म्हणाले, पुढची सावली कुठली? मी दाखवली. हे बघ, डोक्याला गुंडाळ हे ओलं फडकं, मग जा."

पुढच्या ओसरीवर एक सोनार भात्याशेजारीच पहुडला होता. तो पडल्या पडल्याच म्हणाला, "आजोबा का? माझ्याशी गप्पा मारून गेले. कोळीवाड्याकडं वळले. बस जरा, पाणी पी." त्याच्यापुढे तांबटाच्या ओसरीवर चार अनोळखी माणसे शेजारी शेजारी झोपली होती, त्यांत एक परदेशी खलाशी होता. सोमदत्त वाकून पाहतो आहे म्हटल्यावर तांबटाची बायको कुजबुजली, "तुम्हालाही टेकायचंय का? जागा आहे. दुपारची ओसरी काय, सगळ्यांचीच."

सोमदत्त एका सावलीतून दुसऱ्या सावलीत जात राहिला. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी त्याला नाव न विचारता पाणी दिले. अर्धा रस्ता सरेपर्यंत त्याच्या मनातली भीती थोडी निवली होती, आणि तिच्या जागी काहीतरी निराळेच उतरू लागले होते. हे कोणते गाव? हे तर आपण कधी पाहिलेच नाही.

आचार्य त्याला कोळीवाड्यात सापडले. किनाऱ्यालगतच्या एका झापाच्या छपराखाली ते बसले होते. शेजारी धाकू नाखवा होता. परत न आलेल्या होडीत त्याचा थोरला मुलगा होता. नाखवा फाटके जाळे मांडीवर घेऊन सांधत होता, आणि आचार्य त्याला दोरा सोडून देत होते.  समोर समुद्र इतका निळा, इतका निवांत पसरला होता, की त्याने कुणाचे काही नेले असेल यावर विश्वास बसू नये.

"गुरुजी!" सोमदत्ताचा आवाज चिरकला. "हे काय केलेत? या उन्हात! काही झाले असते तर?"

आचार्यांनी त्याला खूण करून शेजारी बसवले. मग हळू आवाजात म्हणाले, "परवा मी विचारले, कसला आवाज. तू म्हणालास, गाणे. सोमा, बायकोला सरणावर ठेवून आलेला माणूस आहे मी. रडणे मला ओळखू येते."

सोमदत्ताने मान खाली घातली.

"पाहुण्याला आपण घरातले चांगले तेवढे दाखवतो. त्यात वावगे काही नाही. पण तू मला राहायला आणलेस ना? मग सकाळ दिलीस, संध्याकाळ दिलीस आणि मधली दुपार एकट्याने सोसत का बसलास? जे ऊन माझे गुडघे मोकळे करते, तेच रस्त्यावर जीव कासावीस करते. जो समुद्र या माणसांना जेवू घालतो, त्यानेच याचा मुलगा नेला. यातले अर्धे उचलून माझ्या ताटात वाढशील तर मी जेवेन, उठेन आणि परत जाईन. ज्याच्यापासून आपण अर्धे गाव लपवतो, तो आपल्या घरात असला तरी आपल्याजवळ नसतो."

धाकू नाखवा मान वर न करता म्हणाला, "आजोबा आले तवा मी म्हटलं, कशाला आलात एवढ्या उन्हात. म्हणाले, हीच वेळ मला कुणी पाहू देत नाही."

आचार्य किंचित हसले. मग सोमदत्ताकडे वळून म्हणाले, "आता सांग. काय वाईट आहे तुझ्या गावात?"

सोमदत्त आधी चाचरला. मग बोलू लागला. पाण्याचे सांगितले, पोथ्यांचे सांगितले. लोखंडाची कुठलीच वस्तू इथे टिकत नाही, हे सांगितले. इथे थंडीचा ऋतू असा येतच नाही, आणि डोंगरातली शेकोटी आठवून पहिल्या वर्षी आपण उशीत तोंड खुपसून रडलो होतो, हेही सांगितले. इथे जिवाभावाचा झालेला माणूस एके दिवशी गलबतात बसून जातो आणि पुन्हा कधी दिसत नाही. बोलता बोलता तो थांबला, आणि मग जे त्याने आवडीलाही कधी सांगितले नव्हते ते त्याच्या तोंडून बाहेर पडले.

"गुरुजी, इथे उजेडच इतका आहे, की आपल्याला दुःख झाले आहे हे सांगायची लाज वाटते. चारी बाजूंना सगळे लखलखत असते. आपणच तेवढे विझलेले. मग माणूस दार लावून घेतो."

"आणि तरी राहिलास."

"हो." सोमदत्ताने समोर पाहिले. किनाऱ्यावर पालथ्या घातलेल्या होडीच्या सावलीत दोन कुत्री आणि एक म्हातारी शेजारी शेजारी झोपली होती. "राहिलो. का ते आज येताना थोडेसे कळले."

 दुपार जागच्या जागी थबकली होती. जाळ्याचे भोक हळूहळू लहान होत होते.

"आता विचार तुझा प्रश्न," आचार्य म्हणाले.

महिनाभर सोमदत्ताने हा प्रश्न अनेकदा विचारला होता. वाळूवर, अंगणात, जेवताना, दर वेळी हसतमुखाने. आज पहिल्यांदाच उत्तर 'नाही' असू शकते, हे त्याला खरोखर जाणवले. 

"गुरुजी... राहाल का इथे?"

"राहतो," आचार्य म्हणाले. "वर थंडी आहे, इथे दुपार आहे. कुठेही गेलो तरी काहीतरी सोसायचेच. इथे सोसताना तू जवळ असशील."

सोमदत्ताने त्यांच्या पायांवर डोके ठेवले. त्याच्या पाठीवर हात फिरवत आचार्य दुसऱ्या हाताने नाखव्याला दोरा सोडत राहिले. ऊन उतरल्यावर ते तिघेही उठले. नाखव्याने सांधलेले जाळे खांद्यावर टाकले आणि तो पाण्याकडे चालू लागला. त्याचा धाकटा मुलगा होडीपाशी उभा होता.

तांडा ठरल्या दिवशी घाट चढून गेला. आचार्य पुढे पुष्कळ वर्षे त्या नगरात राहिले. ज्याला आपल्याजवळ ठेवायचे त्याला आपली दुपारही द्यावी लागते, एवढे सोमदत्ताला उमगले होते. कधीकधी अशी एखादी दुपार येई, की माडाचे पानही हलत नसे. आचार्य आणि सोमदत्त ओसरीवर घामाने निथळत बसलेले असत. आचार्य म्हणत, "आज फारच तापले आहे रे."

पूर्वी अशा वेळी सोमदत्त ओशाळून धावपळ करू लागला असता. आता तो जागचा हलतही नसे.

"हो, गुरुजी," तो म्हणे. "फारच."