कडीवरची काळी पट्टी

“...पण बाई, यात कमी काय आहे, तेवढं तरी सांगा!”

निनादचा आवाज चढला होता. समोर लॅपटॉप, लॅपटॉपवर एक म्हातारं कुत्रं, आणि त्या कुत्र्यासमोर आमच्या हेरवाडकरबाई, मांडीवर लसणाची परडी घेऊन.

बाईंनी कोल्हापुरातल्या निम्म्या चित्रकारांना पेन्सिल धरायला शिकवलं. मलाही शिकवलं. माझी चित्रकला कधीच सुटली, बाई मात्र सुटल्या नाहीत. अजूनही रविवारी त्यांची भाजी मीच आणून देते. निनाद त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. ते त्यालाही माहीत होतं, हीच तर पंचाईत.

हल्ली तो चित्रं सोडून व्हिडिओ करायचा. प्रदर्शनात भिंतभर दाखवतात, तसले. या खेपेला विषय होता शेल्टरमधल्या कुत्र्यांचं एकटेपण. कुणीतरी येईल, आपल्याला घरी नेईल, म्हणून थांबलेली कुत्री. महिनाभर गावाबाहेरच्या शेल्टरमध्ये तो कॅमेरा लावून बसला होता, आणि सगळ्या कुत्र्यांतून त्यानं हा एक निवडला होता.

फौजदार त्याचं नाव. गेटातून येणाऱ्या प्रत्येकाची झडती घेतल्यासारखा वास घ्यायचा, म्हणून. दोनदा लोकांनी घरी नेला, दोनदा परत आणून सोडला.

व्हिडिओत काही घडत नव्हतं. फौजदार पुढच्या पायांवर हनुवटी टेकून बसलेला आणि सरळ आपल्याकडे बघणारा. बस्स. मला विचाराल तर तेवढंच पुरेसं होतं. पण मला कोण विचारतंय?

“पुन्हा लाव,” बाई म्हणाल्या.

त्यानं लावला.

“हा कुणाकडे बघतोय रे?”

“कुणाकडेच नाही, बाई. तेच तर! शून्यात बघतोय. एकट्या जिवाच्या समोर कुणी नसतंच ना.”

“हं...”

“आणि लेन्समध्ये इतकं सरळ बघणारं जनावर शोधून सापडत नाही. नशीब लागतं.”

बाईंनी एक पाकळी सोलली. “पुन्हा लाव.”

“बाई!” निनाद उठून उभाच राहिला. “मंगळवारी प्रदर्शन आहे. मुंबईहून माणसं यायची आहेत. आता फक्त शेवट राहिलाय, तो आज घेऊन टाकतो. तुम्ही एकदा चांगलं म्हणा की मी निघालो.”

“शेवट काय आहे?”

“रविवारी लोक कुत्री न्यायला येतात. बाकीची सगळी जाळीवर उड्या मारतात. हा उठतच नाही. पूर्वी उठायचा म्हणे, आता नाही. लोक बघतात, पुढे जातात, हा आपला बसलेला. आशा सोडलेलं जनावर, बाई. तोच शेवट.”

बाईंचा हात थांबला.

“पूर्वी उठायचा?”

“हो, तिथल्या रोशनबी सांगतात.”

“मग कधीपासून उठत नाही?”

निनादनं खांदे उडवले. “मी शूटिंग सुरू केलं, त्याच सुमाराला. नेमका हवा तेव्हा मिळाला. म्हटलं ना, नशीब!”

बाईंनी परडी खाली ठेवली आणि माझ्याकडे वळल्या. “स्कूटर काढ गं.”

शेल्टर म्हणजे उसाच्या रानापलीकडची एक लांबलचक पत्र्याची शेड. दोन्ही बाजूंना जाळीचे पिंजरे, आणि एवढा गलका की शेजारच्याचं बोलणं कळू नये. रोशनबी सगळं बघतात. निनादला बघून त्या दारातूनच ओरडल्या.

“आलास व्हय, बाबा! बघ तुझा फौजदार. सकाळधरनं भाकरीला तोंड लावलेलं न्हाई. तू येईस्तोवर शिवतच न्हाई त्यो.”

निनादनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्याला ऊन कलायच्या आत कॅमेरा लावायचा होता.

फौजदार शेवटच्या पिंजऱ्यात होता. व्हिडिओत दिसतो त्याहून लहान वाटला मला. एक कान मुडपलेला, तोंडाभोवतीचे केस पांढरे झालेले. निनादनं ओठांवर बोट ठेवून आम्हाला गप्प केलं. बोलायचं नाही, हात लावायचा नाही, लाड तर अजिबात नाही, असा त्याचा दंडकच होता. रोशनबींनासुद्धा त्यानं तसंच बजावलं होतं. भाकरी ठेवायची आणि निघायचं. नाहीतर चेहरा बिघडतो म्हणे.

पिंजऱ्याच्या दाराला कडी होती. कडीवर काळी पट्टी चिकटवलेली.

“हे काय?” बाईंनी हळूच विचारलं.

“कडी फार चमकायची, बाई. सगळी नजर तिच्याकडेच जायची. मग पट्टी मारली.”

“बरं... आणि याला कधी हात लावलास?”

“छे!” त्याला अपमानच वाटला. “तुम्हीच शिकवलंत ना? मॉडेलला शिवायचं नाही, मॉडेलशी बोलायचं नाही. फक्त बघायचं.”

बाईंनी त्या पट्टीवरून बोट फिरवलं.

“शिकवलं खरं,” त्या म्हणाल्या. “पण वर्ग सुटला की मॉडेल घरी जायचं रे.”

तेवढ्यात लोक आले. कुणी पिल्लं बघत होते, कुणी फोटो काढत होते. त्यांच्यातच एक वयस्कर जोडपं होतं. मुलं परदेशी, घर रिकामं, असं काहीतरी रोशनबींना सांगत होते. पिल्लू झेपायचं नाही म्हणाले, एखादं पोक्त, शांत कुत्रं असलं तर बघू.

पोक्त आणि शांत! मी मनात म्हटलं, ऊठ रे राजा, आज तरी ऊठ.

ते दोघं शेवटच्या पिंजऱ्याशी आले. निनादनं श्वास रोखून कॅमेरा चालू केला. आजी जाळीशी वाकल्या.

“ये रे... ये की, बाळा.”

फौजदारानं मान वर केली. पण त्यांच्याकडे बघितलं नाही. दोघांच्या मधून, त्यांच्या मागे, कॅमेऱ्याच्या दिशेला बघत राहिला.

आजींनी आणखी एकदा हाक मारली. जाळीतून बोटं आत घातली. मग बोटं काढून घेतली आणि नवऱ्याला म्हणाल्या, “याला नकोय हो आपण. चला.”

ते पुढे गेले.

“मिळाला!” निनाद कुजबुजला. त्याचे डोळे लकाकत होते. “बाई, शेवट मिळाला!”

खरं सांगते, त्या घटकेला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली मला.

बाईंनी तसलं काही केलं नाही. पदर खोचला, पुढे झाल्या आणि कॅमेऱ्यासकट ट्रायपॉड उचलला. या वयात!

“अहो बाई... बाई, शॉट चालू आहे!”

बाईंनी ट्रायपॉड पार टोकाच्या भिंतीशी नेऊन ठेवला. लेन्स पुन्हा फौजदाराकडे वळवली, आणि बाजूला होऊन उभ्या राहिल्या.

निनाद होता तिथंच, बाईंना थांबवायला उचललेले दोन्ही हात तसेच वर.

फौजदारानं कॅमेऱ्याकडे बघितलं नाही.

तो जिकडे बघत होता तिकडेच बघत राहिला.

निनादनं मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं. तो एक पाऊल बाजूला सरकला. फौजदाराची मान त्याच्याबरोबर सरकली. तो दुसऱ्या बाजूला सरकला. मान तिकडे वळली. आणि महिनाभरात पहिल्यांदाच या माणसानं आपल्याकडे कॅमेऱ्याशिवाय बघितलं म्हणून की काय, फौजदाराची शेपटी एकदा जमिनीवर आपटली. मग परत एकदा.

“बाई... हा तर...”



बाकीच्या कुत्र्यांचा गलका चालूच होता. हा एकटा गप्प. उठला, जाळीपर्यंत आला, निनादच्या समोर बसला आणि वर बघू लागला.

“मला वाटलं, यानं आशा सोडली,” निनाद म्हणाला.

त्यानं भिंतीशी ठेवलेल्या कॅमेऱ्याकडे बघितलं.

“रोज येत होतो, बाई. रोज... आणि कॅमेरा आवरून निघून जात होतो.”

निनाद खाली बसला, तिथंच, त्या ओल्या फरशीवर. त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. एवढा मोठा माणूस, शर्टाच्या बाहीला नाक पुसत होता. फौजदारानं जाळीच्या चौकटीत नाक खुपसलं. निनादनं बोट पुढे केलं आणि मध्येच थांबवलं.

“मला जमायचं नाही, बाई. भाड्याची खोली आहे. सारखा फिरतीवर असतो. एकदा हात लावला आणि मग सोडून गेलो, तर ते तिसऱ्यांदा होईल त्याचं. आणि मंगळवारी प्रदर्शन... आता मिळालेला शेवट लावू? तो तर खोटा आहे. मग काय लावू? या व्हिडिओचा शेवट करू तरी काय?”

बाई त्याच्याजवळ आल्या. गुडघ्यांना त्रास होतो त्यांना, तरी दाराशी वाकल्या. सकाळी लसूण सोलत होत्या त्याच नखानं त्यांनी काळ्या पट्टीचं टोक उचकटलं, सावकाश सगळी पट्टी सोलून काढली आणि निनादच्या तळहातावर ठेवली. दाराला मात्र त्यांनी हात लावला नाही.

उन्हात कडी लख्ख चमकली.

“सांगा ना बाई... काय करू?”

बाई उठल्या. पदराला हात पुसले.

“कडी तुझ्या बाजूला आहे, बाळा.”