सूरपाटीवरचा शब्द

फार जुन्या काळी एका नदीच्या वळणावर दोन गावं समोरासमोर वसली होती. दोन्हींच्या मध्ये एक कुरण होतं. गवत इतकं उंच, की बसलेली गाय दिसू नये. पण कुरण एक आणि गावं दोन. दर वर्षी भांडणं व्हायची, डोकी फुटायची. शेवटी राजाने निकाल दिला, "काठ्या घरी ठेवा. वर्षातून एकदा आट्यापाट्या खेळा. जिंकेल त्याची जनावरं वर्षभर कुरणात चरतील. हरेल त्याने आपली जनावरं दूरच्या डोंगरावर न्यावीत."

राजे कधीमधी शहाण्यासारखं वागतात, त्यातलाच हा एक दिवस.

खेळ साधा. जमिनीवर आडव्या नऊ पाट्या आखायच्या. प्रत्येक पाटीवर एक राखणारा. या नऊ पाट्यांना मधोमध कापत जाणारी एक लांब उभी रेघ, तिला म्हणायचं सूरपाटी. ती जो राखतो तो सूर. बाकीचे आपापल्या पाटीपुरते धावतात, सूर मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतो. समोरच्या गड्याने सगळ्या पाट्या ओलांडायच्या, पलीकडच्या मडक्यातलं चिमूटभर मीठ उचलायचं, तसंच परत यायचं आणि ते आपल्या म्होरक्याच्या जिभेवर ठेवायचं. झालं एक लोण. वाटेत राखणाऱ्याचा हात लागला, तर तो बाद.

आता नीट ऐका, कारण सगळी गोष्ट इथेच आहे. त्या गावांत पंच नव्हता. धुरळ्यात हात लागला की नाही, हे काठावरच्या माणसाला कसं कळणार? ते दोघांनाच कळतं, ज्याचा हात त्याला आणि ज्याची पाठ त्याला. म्हणून रीत अशी होती, की राखणाऱ्याने तिथल्या तिथे मोठ्याने "शिवला!" म्हणायचं. तो म्हणाला, की पळणारा गप्प बाहेर जायचा. नाही म्हणाला, तर खेळ चालू. त्या शब्दावर कुणी वाद घालत नसे. पिढ्यान् पिढ्या घातला नव्हता.

या गोष्टीतल्या माणसांची नावं मी सांगणार नाही. नाव सांगितलं, की ऐकणारा सुटतो. म्हणतो, तो तसला होता, आपण नाही.

तर, अलीकडच्या गावात एक माणूस होता. गाव त्याला फक्कीवाला म्हणायचं. सकाळी मैदानावर पाणी मारायचं, माती चोपायची, चुन्याची फक्की टाकून पाट्या आखायच्या, हे त्याचं काम. खेळणाऱ्यांत त्याचं नाव होतं, पण शेवटचं. कुणाचा पाय मुरगळला तर याने उभं राहायचं. सात वर्षांत कुणाचाच पाय मुरगळला नाही.

गडी चेष्टा करायचे. "काय रे, रेघा आखून आखून रेघच झालास की!"

तो हसायचा. आणि सगळे घरी गेले, की आपणच आखलेल्या सूरपाटीवर एकटा धावायचा. म्हातारा सूर कसा वाकतो, कसा वळतो, एक पाय रेघेवर ठेवून हात किती लांब टाकतो, हे सगळं त्याने डोळ्यांनी शिकून पायांत उतरवलं होतं. शिकवलं कुणीच नव्हतं. अशा शिकण्याची किंमत मला माहीत आहे, म्हणून सांगते, त्याची मेहनत खरी होती. मेहनत खरी असूनही माणूस काय करून बसतो, ते पुढे ऐका.

एका वर्षी म्हाताऱ्या सुराच्या गुडघ्यांनी दगा दिला. त्याने चावडीवर आपलं सुराचं पागोटं काढून समोर ठेवलं. म्हणाला, "आता हे कुणी तरी उचला. मला आता रेघ सांभाळायची का गुडघा सांभाळायचा?"

पुढे दोघे आले. एक फक्कीवाला. दुसरा गावचा मेंढपाळ, त्याच्याच वयाचा, लहानपणापासूनचा सोबती. मेंढपाळाचे पाय डोंगरात तयार झालेले आणि शंभर मेंढरं कुरणावर जगणारी. गावात कुणाला कुरण हवं असेल, तर सगळ्यांत आधी त्याला.

परीक्षा ठरली. आधी मेंढपाळाने सूरपाटी राखायची, फक्कीवाल्याने तीनदा पळायचं. मग उलट. जो जास्त वेळा शिवेल तो सूर. बरोबरी झाली, तर म्हातारा सांगेल तो सूर.

मेंढपाळाने तीन खेपांत एकदा शिवलं.

मग फक्कीवाला रेघेवर उभा राहिला. पहिल्या खेपेला त्याने शिवलं. दुसऱ्या खेपेला मेंढपाळ निसटला. तिसऱ्या खेपेला मेंढपाळ डावीकडे झुकला, उजवीकडे वळला आणि धुरळ्यातून सुटला. फक्कीवाल्याने हात लांब टाकला. पाठ आणि बोटं यांत चार बोटांचं अंतर राहिलं. चार बोटं. त्याने ती डोळ्यांनी पाहिली.

आणि तोंडातून शब्द निघून गेला, "शिवला!"

मेंढपाळ जागच्या जागी थांबला. मागे वळून त्याने एकदा पाहिलं. मग गप्प बाहेर गेला. रीतच होती तशी.

गावाने फक्कीवाल्याला खांद्यावर घेतलं. म्हाताऱ्याने स्वतःच्या हाताने पागोटं त्याच्या डोक्याला बांधलं. बांधता बांधता कानाशी म्हणाला, "सात वर्षं तुझे पाय बघतोय मी. लपूनछपून धावायचास ना? तो आज सुटला असता आणि बरोबरी झाली असती, तरी पागोटं तुलाच बांधलं असतं."

ऐकलंत? जे चालत घरी आलं असतं, ते त्याने भिंतीवरून उडी मारून चोरलं होतं.

त्या घटकेला तो बोलला असता तर? बोलायला हवं होतं. पण ढोल वाजत होता, बाया ओवाळत होत्या, डोक्यावर पागोटं होतं. तो मनाशी म्हणाला, उद्या सांगू.

उद्या झाला, परवा झाला. पागोटं डोक्यावर घट्ट बसत गेलं आणि आत कान तापत राहिले.

लोक आता त्याला वाटेत थांबवून रामराम घालू लागले. चेष्टा करणारेच म्हणू लागले, "सूर, अहो सूर, आमच्या पोराला जरा पाय शिकवा." प्रत्येक रामराम त्याला चापटीसारखा लागायचा. जेवताना घास तोंडातच फिरायचा. बायको विचारी, "मीठ जास्त झालंय का?" तो म्हणे, "नाही गं, जेवण चांगलंय."

मेंढपाळ रागावला असता, तर बरं झालं असतं. पण तो रोज सकाळी सरावाला यायचा. शेवटची पाटी त्याने आनंदाने घेतली होती. एकदा घाम पुसत त्याने सहज विचारलं, "गड्या, त्या दिवशी कुठे लागला रे तुझा हात?"

फक्कीवाला पागोटं आवळत म्हणाला, "पाठीला. खाली, कमरेशी."

"बघ की! मला कळलंच नाही." मेंढपाळ हसला. "तू म्हणालास म्हणजे लागलाच असणार. माझीच पाठ बधिर झालीय. उन्हातान्हात ओझी वाहून कातडी मेली असेल. बायको रोज तेल चोळते आता. म्हणते, पाठीला काही कळेनासं झालं, म्हणजे पुढे हातपाय जातील."

फक्कीवाला खाली बघत पायाने माती सारखी करत राहिला. सोबत्याने आपल्या कातडीवर संशय घेतला होता, त्याच्या शब्दावर नाही. शिव्या दिल्या असत्या, तर परत देता आल्या असत्या. याला काय द्यायचं?

तीन महिने गेले. सामन्याचा दिवस उजाडला. मैदानाच्या दोन्ही काठांवर माणसं दाटली. पागोटं बांधलेला फक्कीवाला सूरपाटीवर उभा राहिला. सात वर्षं ज्या जागेचं स्वप्न पाहिलं, ती जागा पायाखाली होती आणि त्याला वाटत होतं, ही रेघ आपल्याला चटका देतेय.

आधी अलीकडचं गाव पळालं. सहा लोणं आणली. मग पलीकडचे पळू लागले. फक्कीवाला खरंच चांगला सूर होता. तीन गडी त्याने शिवले. तिन्ही वेळा पळणारा त्याच्या तोंडाकडे बघत आपण होऊन थांबला होता, त्यामुळे शब्द कसाबसा का होईना निघाला, पण बारीक. म्हातारा काठावरून ओरडला, "अरे, मोठ्याने! घसा बसलाय का?"

पलीकडच्यांचीही सहा लोणं झाली. एकच गडी उरला, त्यांचा सगळ्यांत चपळ. त्याने मीठ नेलं तर कुरण त्यांचं. अडला तर बरोबरी, आणि बरोबरीत कुरण गेल्या वर्षी ज्याचं, त्याचंच. म्हणजे या गावाचं.

तो गडी आला. पाट्यांमागून पाट्या ओलांडून त्याने मीठ उचललं आणि परत फिरला. मेंढपाळाची पाटी चुकवली. पुढच्याही चुकवल्या. शेवटच्या दोन उरल्या. फक्कीवाला वाऱ्यासारखा धावला, वाकला, हात लांब टाकला आणि त्याची चारही बोटं त्या गड्याच्या पाठीवर टेकली. नुसती टेकली नाहीत, घामाने ओली झाली.

त्याने तोंड उघडलं.

तेवढ्यात नजर मागे गेली, तिथे आपल्या पाटीवर मेंढपाळ उभा होता. हात वर करून, हसून, तो त्या शब्दाची वाट पाहत होता. त्याला पक्की खात्री होती, की शब्द येणार आणि तो खरा असणार.

शब्द आला नाही. घशापर्यंत आला आणि तिथेच बसला. एकदा चार बोटांचं खोटं त्याच वाटेने बाहेर पडलं होतं, आता खऱ्याला ती वाट मिळेना.

तो गडी अर्धं पाऊल थांबलासुद्धा. त्याने मागे वळून पाहिलं. काहीच ऐकू येईना, तेव्हा उरलेल्या दोन पाट्या ओलांडून त्याने मीठ आपल्या म्होरक्याच्या जिभेवर ठेवलं.

पलीकडच्या काठावर ढोल वाजले. 

तो गडी परत आला, सरळ फक्कीवाल्यासमोर. भला माणूस होता. म्हणाला, "मला लागला होता तुमचा हात. तुम्ही का बोलला नाहीत?"

हे सगळ्यांनी ऐकलं. म्हातारा लंगडत मैदानात आला. "खरं का हे? शिवलं होतंस?"

"शिवलं होतं."

"मग जीभ काय गहाण टाकली होतीस?"

फक्कीवाल्याने पागोटं काढून हातात घेतलं. मान वर न करता तो म्हणाला, "परीक्षेच्या दिवशी शिवलं नव्हतं, तेव्हा ओरडलो. आज शिवलं, तर आवाज फुटला नाही."

 मेंढपाळ पुढे आला. त्याने विचारलं ते एवढंच, "म्हणजे माझी पाठ बरी होती?"

फक्कीवाल्याने होय म्हणून मान हलवली.

गर्दीतून मेंढपाळाची बायको पुढे झाली. कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "तीन महिने तेल जिरवलं मी त्या पाठीत. रोज हात फिरवताना वाटायचं, हा माणूस माझ्या हातातून जाणार. तुमच्या पागोट्यापायी! अहो, एक दिवस येऊन दारात सांगितलं असतंत, तर मी शिव्या घातल्या असत्या आणि भाकरीही वाढली असती."

पलीकडच्या म्होरक्याने समजूतदारपणे विचारलं, "परत खेळायचं का?"

"नाही," म्हातारा म्हणाला. "शब्द निघाला नाही, म्हणजे शिवला नाही. रीत आमच्यासाठीही तीच. कुरण तुमचं."

मेंढपाळ दुसऱ्या दिवशी शंभर मेंढरं घेऊन डोंगराकडे निघाला. वेशीजवळ फक्कीवाला पागोटं घेऊन उभा होता. "हे तुझं आहे," तो म्हणाला.

मेंढपाळाने पागोट्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "मला डोंगरात ऊन फार लागतं, पण हे नको," एवढं बोलून तो पुढे गेला. डोंगरात त्या वर्षी अकरा मेंढरं दगावली.

आणि गावात? पुढच्या सरावाला एक साधी गोष्ट घडली. कुणी तरी "शिवला!" म्हणालं आणि पळणारा थांबला नाही. म्हणाला, "कशावरून?"

पिढ्यान् पिढ्या तो प्रश्न त्या मैदानावर कुणी विचारला नव्हता. आता रोज विचारला जाऊ लागला. वाद वाढले, पुन्हा काठ्या निघायची वेळ आली. तेव्हा म्हातारा म्हणाला, "आता काठावर पंच उभा करा."

पंच कुठे उभा राहणार, त्याची रेघ आखायची होती. फक्कीवाल्याने चुन्याचं टोपलं उचललं, ओणवा झाला आणि कुणाकडेही न बघता ती रेघ आखली. रेघ सरळ आली. तो होताच हाताचा चांगला.

त्या गावात आजही खेळाच्या दिवशी पंच उभा असतो. परक्या गावचे पाहुणे त्याचं कौतुक करतात, म्हणतात, काय शिस्त आहे! गावची जुनी माणसं तेव्हा दुसरीकडे बघतात.

बोध : जो आपला शब्द एकदा खोट्यासाठी खर्चतो, त्याला खऱ्याच्या वेळी तो सापडत नाही, आणि त्याच्यापायी अख्ख्या गावाचा शब्द हलका होतो.