गोदू धनगरीण आणि तिसरी आवृत्ती

"म्हणजे मी गोदूला मारलं ते चूक होतं की बरोबर, एवढंच सांगा सर!"

शार्दूल कोठावळे चपला काढायच्या आधीच बोलून मोकळा झाला.

घाबरू नका, खूनबिन काही झाला नव्हता. गोदू धनगरीण होती कागदावरची. मिरजेत मुजावर सरांच्या माडीवर दर रविवारी दुपारी 'सात दरवाजे' नावाचा खेळ चालायचा. पाचसहा माणसं चटईवर बसून फासे टाकत, गोष्ट रचत, राक्षसांशी लढत. प्रत्येकाचं एक पात्र, पात्राचा एक कागद, त्यावर त्याच्या जीवाचे आणि बळाचे आकडे. आणि गोष्ट पुढे नेणारा, नियम सांगणारा एक सूत्रधार.

सर चित्रकलेचे निवृत्त मास्तर. हा खेळ त्यांनीच गावात आणला. शार्दूल त्यांचा पट्टशिष्य. नियमांचं पुस्तक तोंडपाठ, आणि तोंडपाठ असल्याचा तोरा तर विचारू नका!

आठ महिन्यांपूर्वी सरांनी त्याला पहिल्यांदा सूत्रधार केलं. त्याच डावात रेवती मगदूमची गोदू पडली. वेताळाच्या पुलावर चौघा सोबत्यांना पलीकडे धाडून ती एकटी मागे उभी राहिली, आणि... संपली. सहा वर्षं खेळवलेलं पात्र ते.

रेवती उठली. पिशवी उचलून जिना उतरली, ती पुन्हा आलीच नाही. शार्दूलची शाळेपासूनची मैत्रीण, पण आता बाजारात समोरासमोर आली तरी मान वळवून जायची. ते त्याला आतून खात होतं.

"बस," सर म्हणाले. "पाणी घे."

"पाणी नको. हे बघा." शार्दूलने पिशवीतून नवंकोरं पुस्तक काढलं. "तिसरी आवृत्ती. कालच हातात पडली. पान एकेचाळीस. जीव शून्यावर आला तरी पात्र मरत नाही. तीनदा फासा टाकायचा. तीनदा! मग गोदूला एकदाही का नाही? खरा नियम कुठला सर... तेव्हाचा की आत्ताचा?"

सरांनी पुस्तकाला हात लावला नाही.

"तेव्हाचा काय होता?"

"शून्य म्हणजे मरण."

"कुठे लिहिलंय?"

"पुस्तकात. पाठ आहे मला!"

"हो... त्या दिवशीही पाठच होता."

शार्दूल जरा चपापला.

"तेव्हा आपण कुठली आवृत्ती खेळत होतो?" सरांनी विचारलं.

"दुसरी. दोन वर्षं झाली होती की."

"काढ."

फळीवर दोन पुस्तकं होती, दोन्ही खाकी कव्हरातली. शार्दूलने दुसरी आवृत्ती उतरवली, पान शोधलं आणि ठसक्यात वाचायला लागला.

"'जीव शून्याखाली गेल्यास पात्र बेशुद्ध पडते. उणे दहा होईपर्यंत... सोबत्यांना... त्याला वाचवता येते.'"

ठसका मधेच कुठेतरी गळून पडला.

"गोदूचा जीव किती उरला होता?"

"चार."

"वार?"

"सातचा."

"मग?"

"उणे तीन..."

त्याची नजर फळीवरच्या पहिल्या आवृत्तीकडे गेली. शून्य म्हणजे मरण हा पहिल्या आवृत्तीचा नियम. बाराव्या वर्षी घोकलेला. त्या दिवशी त्याने पुस्तक उघडलंच नव्हतं. कशाला उघडेल? सगळं येत होतं ना त्याला! आणि इतरांनी त्याच्या पाठांतरावर डोळे मिटून विश्वास ठेवला होता. चौघं सोबती पुलाच्या पलीकडे होते, धडधाकट. हाक मारली असती तर धावत आले असते.

"सर, तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"होतं."

"आणि आठ महिने गप्प बसलात?" तो उसळलाच. "अहो, माझी मैत्रीण गेली!"

"सूत्रधार कोण होता?"

"...मी."

"इथली रीत काय?"

रीत त्याला पक्की माहीत होती. सूत्रधाराचा शब्द सूत्रधारानेच मागे घ्यायचा. दुसऱ्या कुणी नाही. सरांनीही नाही.

सरांनी कोपऱ्यातला बिस्किटांचा पत्र्याचा डबा पुढे सरकवला. मेलेल्या पात्रांचे कागद त्यात ठेवायचे. वरचाच कागद गोदूचा होता.

तिथली आणखी एक रीत होती. पात्राचं नाव तेवढं पेनाने लिहायचं. जीव, बळ, हत्यारं, बाकी सगळं पेन्सिलीने, कारण ते दर डावाला बदलणार. आणि पात्र मेलं, की सूत्रधाराने त्याच्या नावावर पेनाने रेघ मारायची.

गोदूच्या नावावर रेघ होती. शार्दूलने कागद खिडकीशी धरला. रेघ करड्या रंगाची दिसत होती.

"ही तर पेन्सिल आहे! मी तुमच्याकडे पेन मागितलं होतं."

"मी पेन्सिल दिली. तू बघितलं नाहीस."

सरांनी खोडरबर चटईवर ठेवला.

शार्दूलने तो तसाच ठेवून आधी फोन उचलला.

"काय रे?" रेवतीचा आवाज कोरडा होता.

"रेवती... गोदू मेली नव्हती."

"नवं पुस्तक आलंय म्हणे. त्यातनं उपकार करायला निघालास होय?"

"नाही गं. जुन्याच नियमाने जिवंत होती. मी पुस्तक उघडलंच नाही. माझं चुकलं. साफ चुकलं."

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"शार्दूल्या," ती म्हणाली, आणि आवाज ओला होता की हसरा, कळेना. "आठ महिने तशीच पुलावर पडलीय की रे बिचारी! येत्या रविवारी उचलायला सांग त्या चौघांना."

"तू येणार?"

"मग? तिला काय एकटीच शुद्धीवर येऊ देऊ?"

शार्दूलचा जीव भांड्यात पडला. फोन ठेवला आणि तो खुळ्यासारखा हसत सुटला, डोळे पुसत पुन्हा हसला. आठ महिन्यांत असा मोकळा श्वास त्याने घेतला नव्हता. मग त्याने गोदूच्या नावावरची रेघ हलक्या हाताने खोडली. खाली निळ्या शाईतलं नाव जसंच्या तसं होतं.

तोवर सरांनी तिसऱ्या आवृत्तीला खाकी कव्हर घालून वर पांढरी चिठ्ठी चिकटवलीही होती.

"घे, नाव घाल तिला."

शार्दूलने खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि झोकात 'ति' लिहायला हात टेकवला.

सरांनी त्याच्या हातातलं पेन अलगद काढून घेतलं.

"अंहं... पेन्सिलीने."