उत्तरेची भिंत

"मग माई, तुमच्यामागं आश्रम कोण सांभाळणार?"

विचारणारा माईंचा शिष्य शार्ङ्गधर खानोलकर, वास्तुविशारद. इंग्लंडातल्या एका खेड्यात शेतकऱ्याचं तीनशे वर्षांचं विटांचं घर होतं, तोच कृष्णामाईंचा आश्रम. उत्तर शार्ङ्गधरानं मनाशी ठरवूनच ठेवलं होतं. माईंनी फक्त त्याचं नाव घ्यायचं होतं.

माईंनी मफलर गुंडाळला, काठी घेतली.

"चल, उत्तरेची भिंत बघू."

शार्ङ्गधर खूष. गेल्या उन्हाळ्यात माई भारतात गेल्या होत्या तेव्हा ती भिंत त्यानंच दुरुस्त केली होती.

"विटा काय सुरेख रचल्यात, माई! एक लांबीनं, एक रुंदीनं. पण सांध्यांतला चुना अगदीच भुसभुशीत हो. सगळा खरवडून काढला आणि सिमेंट भरलं."

"जुन्या लोकांनी चुनाच का भरला असेल रे?"

"सिमेंट होतं कुठं बिचाऱ्यांकडे?"

माई काठी टेकत पुढं निघाल्या.

हिवाळाभर बर्फामुळं मागच्या बाजूला कुणी फिरकलं नव्हतं. कोपरा वळला आणि शार्ङ्गधर जागीच थिजला.

भिंतीच्या पायाशी लाल चुऱ्याचा ढीग होता. विटांचे दर्शनी पापुद्रे सुटून पडले होते. काही विटा बोट बोट आत गेल्या होत्या. सिमेंटच्या रेघा मात्र रिकाम्या चौकटींसारख्या पुढं उभ्या होत्या.

एवढे हिवाळे काढलेली भिंत आपण एका हिवाळ्यात खाल्ली, हे त्याला खरंच वाटेना.

"विटाच... विटाच कच्च्या असणार, माई."



त्यानं एका विटेवर तळहात टेकला. ओली, गार.

"पाणी... चुन्यातून बाहेर पडायचं. मी वाटच बुजवली. मग ते विटेतच गोठलं, फुगलं, आणि विटा फुटल्या."



"चुना झडायचाच," माई म्हणाल्या. "झडला की लोक पुन्हा भरायचे. विटा तशाच राहायच्या."

मग त्यांनी सिमेंटवर काठीचं टोक जोरात ओढलं. ओरखडासुद्धा उठला नाही.

"काम पक्कं केलंस हो."

त्याला रडूच कोसळलं. माईंनी त्याला रडू दिलं.

"माई... आणि आश्रम?"

माईंनी काठी भिंतीला टेकवली आणि पदर खोचला.

"तिथं विटा म्हणजे माणसं. चुना मळायला घे. विटेच्या आधी झिजेल असा."