दारावरचं वाक्य

गाडीवाटा नव्हत्या, नुसत्या पायवाटा होत्या, तेव्हाची ही गोष्ट. नदीकाठच्या एका गावात ख्रिस्ती लोकांची लहानशी मंडळी होती. तिचा एक जुना नेम होता. कोणी आजारी पडलं की घराघरांच्या पाळ्या लागायच्या. एक जण उशाशी बसे, दुसरा चूल सांभाळी.

एकदा बातमी आली. शेजारगावच्या मंडळीने आपण कशासाठी आहोत ते एका वाक्यात कोरून प्रार्थनामंदिराच्या दारावर लावलं होतं.

"आणि आपल्या दारावर? कोळिष्टकं!" मंडळीतले जाणते शांतवनकाका म्हणाले.

झालं! रोज संध्याकाळी बैठक बसू लागली. वाक्य सगळ्यांना पटलंच पाहिजे, असं ठरलं. मग शांतवनकाकांनी आणखी एक मुद्दा काढला.

"आपण कशासाठी आहोत हेच नक्की नाही, तर पाळ्या तरी कशासाठी लावायच्या? आधी वाक्य, मग काम."

माना डोलल्या. वाचकहो, अशा माना फार लवकर डोलतात.

त्याच आठवड्यात एस्तेरबाई तापाने अंथरुणाला खिळल्या. घरात त्या आणि त्यांची लेक सलोमी, दोघीच. सलोमी धापा टाकत बैठकीत आली.

"काका, आज पाळी कोणाची? आई तापात बडबडते, उठून पळायला बघते. शेजारच्या कोळीणकाकूंना बसवून आलेय."

"थांब पोरी, एका शब्दावर अडलंय."

"कुठल्या?"

"'प्रेमाने' आधी घ्यायचं की शेवटी."

"मग तोवर तिला पाणी कोण पाजणार?"

"उद्या नक्की ठरेल गं," मंडळीला उपदेश करणारे पाळक म्हणाले.

उद्या ठरलं नाही. परवाही नाही. सलोमी रोज यायची, दारातूनच आतला वाद ऐकायची आणि तशीच माघारी पळायची. एके संध्याकाळी ती आलीच नाही. बैठकीत कोणाच्या ते ध्यानातही आलं नाही, कारण त्याच संध्याकाळी वाक्य जुळलं : 'आजारी आणि एकाकी माणसाला प्रेमाने सोबत करणे, हेच आमचे काम.'

लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. कोणाचे डोळे पाणावले.

"चला, आधी एस्तेरबाईंना ऐकवू!" शांतवनकाका म्हणाले.

सगळे निघाले. एस्तेरबाईंच्या घराला कडी होती. शेजारी, कोळीणकाकूंच्या ओट्यावर सलोमी बसली होती.

"आई गेली," ती म्हणाली. "आत्ताच. काकूंनी तिला कालच आपल्या घरी आणलं होतं, त्यांच्या मांडीवर डोकं होतं. सारखी विचारत होती, आपल्या मंडळीतलं कोण कोण आलंय? मी खोटं सांगितलं. म्हटलं, सगळे आलेत, बाहेर बसलेत."

ते वाक्य दारावर कधीच लागलं नाही. ते कोरायला छिन्नी उचलण्याचं धैर्य त्या गावात कोणालाच झालं नाही.

तात्पर्य : आपण ज्यासाठी आहोत ते काम स्वतःच दाराशी येऊन उभं राहतं, त्याला ताटकळत ठेवून त्याचं नाव शोधत बसू नये.